सेंटॉस ७, उबुंटू १८.०४, डेबियन १०: पैसे भरून सपोर्ट वाढवायचा की नवीन आवृत्तीवर जायचं? (सोलापूर, टॉवेल युनिट)

टॉवेल_ईआरपी

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटचे सर्व्हर माझ्याकडे आहेत. तिन्ही लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांवर चालतात. मांडणी अशी:

ईआरपी (स्टॉक-बिलांचं सॉफ्टवेअर) सर्व्हर: सेंटॉस ७.९, पोस्टग्रेस १२ डेटाबेस (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रेपोतून, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून घेतलेलं), वर टॉमकॅट (ॲप चालवणारा जावा सर्व्हर). डेटाबेस ७० जीबीच्या आसपास. रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडणारं) कार्ड जुनं, एलएसआय एसएएस२००८ चिपचं.

वजनकाट्याचा पीसी: उबुंटू १८.०४. इंडिकेटरमधून सिरियल केबल, पुढे यूएसबी कन्व्हर्टर, आणि वजन वाचणारी पायथन २ ची स्क्रिप्ट.

फाइल सर्व्हर: डेबियन १०, सांबा (विंडोज मशीनना फोल्डर वाटून देणारं सॉफ्टवेअर). जॅकार्डच्या डिझाइन फाइल्स आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं. डिझाइनच्या खोलीत एक विंडोज एक्सपी मशीन आहे, तेही याच फोल्डरमधून फाइल उचलतं.

तिन्ही मशीन इंटरनेटला थेट उघडी नाहीत, पण ईआरपी ई-इनव्हॉइससाठी बाहेर बोलतो आणि ऑफिसची माणसं व्हीपीएनने आत येतात. आता परदेशातल्या बायरने प्रश्नावली पाठवली आहे: प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अपडेट मिळतात याचा पुरावा द्या. सोबत स्कॅन रिपोर्ट, त्यात ओपनएसएसएच ७.४ (दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) लाल रंगात.

मालकांचा प्रश्न सरळ आहे. पैसे भरून याच सिस्टिमला सपोर्ट मिळतो असं ऐकलंय, तर तो घेऊन टाकू का? ईआरपी सुट्टीच्या एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. कशाला पैसे द्यावेत, कशाला देऊ नयेत, आणि अपग्रेड केलं तर नेमकं काय मोडतं, हे जाणकारांनी सांगावं.

---

रूट_सोलापूर

तिन्ही मशीनचं उत्तर वेगवेगळं आहे. त्याआधी पैसे भरल्यावर हातात काय येतं ते बघा, कारण मालकांची अपेक्षा आणि करार यांच्यात इथेच फरक पडतो.

वाढीव सपोर्ट म्हणजे जुन्याच आवृत्तीला सुरक्षेचे पॅच. नवीन फीचर येत नाही, नवीन हार्डवेअरचे ड्रायव्हर येत नाहीत, आणि प्रत्येक दोषाला पॅच मिळेलच असंही नाही. गंभीर दोषांना आधी मिळतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो ठरावीक पॅकेजपुरता असतो. तुमचं पोस्टग्रेस १२ बाहेरच्या रेपोतलं आहे, म्हणजे सेंटॉसचा सपोर्ट कुणाकडूनही घेतला तरी ते त्यात बसत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक मुख्य आवृत्ती ५ वर्षं सांभाळतं आणि १२ चा शेवटचा अपडेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. टॉमकॅट टारबॉलमधून (रेपोतून नव्हे, हाताने उतरवून) टाकला असेल तर तोही बाहेरच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीचा दोष निघाला तेव्हा तो ॲप्लिकेशनच्या आतल्या जार फाइलमध्ये होता. ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट कितीही महागडा असता तरी त्या फाइलला हात लागला नसता.

सेंटॉस ७: ३० जून २०२४ ला संपलं. पर्याय तीन. एक, कन्व्हर्ट-टू-रेल (सेंटॉसचं रेड हॅट करणारं साधन) वापरून रेड हॅट ७.९ वर जायचं आणि ईएलएस (वाढीव सपोर्ट) ॲड-ऑन घ्यायचा. तो ३० जून २०२८ पर्यंत आहे, आणि मूळ सबस्क्रिप्शनवर जादा घ्यावा लागतो. दोन, टक्सकेअर किंवा सुसे लिबर्टीसारखा सपोर्ट. यात सिस्टिम सेंटॉसच राहते, फक्त अपडेट त्यांच्या रेपोतून येतात. तीन, अल्मा किंवा रॉकीवर जायचं, ज्याला परवान्याचा खर्च नाही. अल्मा ८ ला १ मार्च २०२९ पर्यंत आणि अल्मा ९ ला ३१ मे २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

काहीही निवडा, आधी एक काम उरका. सेंटॉसचा मिररलिस्ट (डाउनलोडचे पत्ते देणारा) सर्व्हर बंद झालाय, त्यामुळे यम (पॅकेज उतरवणारी आज्ञा) 'होस्ट सापडत नाही' म्हणून थांबतो. रेपो फाइलमधली मिररलिस्टची ओळ बंद करा, बेसयूआरएल व्हॉल्टच्या (सेंटॉसच्या जुन्या साठ्याच्या) ७.९.२००९ फोल्डरकडे वळवा आणि शेवटचे सगळे अपडेट घेऊन रीबूट करा. कन्व्हर्ट-टू-रेललाही हेच लागतं: मूळ पॅकेज मिळाली नाहीत तर मध्येच अडकल्यावर मागे फिरता येत नाही. आधी फक्त ॲनालाइझ चालवा. बाहेरचं कर्नल मॉड्यूल लोड झालेलं असेल तर ते तिथेच अडवतं.

उबुंटू १८.०४: साधा सपोर्ट मे २०२३ ला संपला. उबुंटू प्रो (उबुंटूची कंपनी कॅनॉनिकलचं सबस्क्रिप्शन) लावलं की एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. वैयक्तिक आणि छोट्या व्यवसायाच्या वापरासाठी ५ मशीनपर्यंत प्रो फुकट आहे, त्यामुळे काट्याच्या पीसीला आज एक रुपया खर्च नाही. खातं उघडा, टोकन घ्या, 'प्रो अटॅच' ला ते द्या, आणि 'प्रो स्टेटस' मध्ये ईएसएम-इन्फ्रा आणि ईएसएम-ॲप्स दोन्ही चालू दिसतात का बघा (ईएसएम म्हणजे वाढीव सुरक्षा सपोर्ट). इन्फ्रा म्हणजे मेन रेपोतली पॅकेज, ॲप्स म्हणजे युनिव्हर्समधली. 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' ही आज्ञा कुठलं पॅकेज कशात येतं आणि कुठलं कशातच येत नाही ते मोजून दाखवते. तो आउटपुट जपून ठेवा, बायरला तोच लागेल. फायरवॉलमध्ये ईएसएम आणि कॉन्ट्रॅक्ट्स हे कॅनॉनिकलचे दोन पत्ते एचटीटीपीएसवर उघडे हवेत. आतमध्ये एप्ट-कॅशर (पॅकेज साठवून ठेवणारा प्रॉक्सी) असेल तर हे रेपो त्यातून आपोआप कॅश होत नाहीत, प्रॉक्सीत पास-थ्रू द्यावा लागतो.

एवढं मात्र मालकांना सांगा की फुकट प्रो किंवा नुसतं सबस्क्रिप्शन म्हणजे फोन उचलणारा माणूस नव्हे. तिकीट आणि फोनचा सपोर्ट वेगळा विकत घ्यावा लागतो.

डेबियन १०: डेबियनच्या सुरक्षा टीमचं काम सप्टेंबर २०२२ ला संपलं, एलटीएस (लांबवलेला फुकट सपोर्ट) ३० जून २०२४ ला. त्यापुढचं ईएलटीएस हे फ्रेक्सियन या फ्रेंच कंपनीचं व्यावसायिक काम आहे, ३० जून २०२९ पर्यंत. त्यांचा रेपो सगळ्यांना उघडा आहे, पण पॅच फक्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या यादीतल्या पॅकेजना बनतात. नुसता रेपो जोडून 'आपलं झालं' समजणारे पुष्कळ आहेत, त्यांनी आपल्या मशीनवरची यादी त्या यादीशी ताडून बघावी. किंमत तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या यादीवर ठरते, म्हणून यादी काढण्याआधी नको ते डेस्कटॉप, जुने कंपायलर, सगळं काढून टाका.

पण एका सांबा सर्व्हरसाठी हा खर्च मला पटत नाही. सरळ डेबियन १२ वर न्या.

---

बाळीवेस_बॅश

वरचं सगळं बरोबर. मी ईआरपीबद्दल लिहितो, कारण सेंटॉस ७ वरून ८ किंवा ९ वर जाताना पोस्टग्रेसचा एक सापळा आहे आणि तो महिनाभर कळतसुद्धा नाही.

सेंटॉस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ आहे, ८ मध्ये २.२८. मधल्या काळात अक्षरं क्रमाने लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेस मजकुराच्या कॉलमचे इंडेक्स (पटकन शोधायच्या याद्या) याच नियमांनी लावतं. डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नवीन मशीनवर ठेवली, किंवा स्ट्रीमिंग रेप्लिकाने (फाइल पातळीवरच्या चालू प्रतीने) हलवली, तर जुन्या क्रमाने लावलेला इंडेक्स नवीन क्रमाने शोधला जातो. पोस्टग्रेस सुरू होतं, रिपोर्ट निघतात, एरर येत नाही. फक्त एखादा आयटम कोड शोधला की 'सापडत नाही' येतं, तो पुन्हा टाकला की युनिक असूनही घेतला जातो, आणि स्टॉकमध्ये एकच टॉवेल दोनदा उभा राहतो.

तुमच्याकडे हे घडण्याची शक्यता जास्त आहे. टॉवेलचे कोड बहुतेक डॅशवाले असतात, ३०-६०, २७-५४ असे, आणि फरक नेमका डॅशसारख्या चिन्हांत पडतो. स्वतः ताडून बघा: दोन ओळी लिहा, पहिली १-१, दुसरी ११ (आकडे इंग्रजी), आणि इंग्रजी यूटीएफ-८ लोकॅल (भाषेची सेटिंग) लावून सॉर्ट करा. जुन्या मशीनवर ११ आधी येतो, नवीनवर १-१ आधी येतो.

उपाय दोन. डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून रिस्टोअर करा, म्हणजे इंडेक्स नव्यानेच बांधले जातात. किंवा फाइल्सच हलवायच्या असतील तर लोकांना आत घेण्याआधी मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा आणि ॲमचेक एक्स्टेन्शनने तपासा. लोकॅल 'सी' असलेला डेटाबेस यातून सुटतो. आपला कुठला आहे ते 'बॅकस्लॅश एल' च्या यादीत दिसतं.

तुमच्यासाठी डंपच बरा, कारण १२ वरून पुढच्या आवृत्तीवर तसंही जायचंय. क्रम असा: नवीन मशीनवर नवीन आवृत्तीचं पोस्टग्रेस टाका. नवीन आवृत्तीचंच पीजी-डंप वापरून जुन्या डेटाबेसवरून डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, ४ जॉब लावून डंप घ्या. युझर आणि रोल डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्लीने वेगळे काढा. हे विसरलं की रिस्टोअरमध्ये 'रोल नाही' च्या एररची माळ लागते. रिस्टोअरही ४ जॉबवर. शेवटी ॲनालाइझ चालवा. तो राहिला की पहिल्या दिवशी सगळे रिपोर्ट रांगतात आणि दोष नवीन सर्व्हरला दिला जातो.

हे आधी एकदा रंगीत तालीम म्हणून रात्री करा आणि घड्याळ लावा. ७० जीबीतला मोठा भाग इंडेक्सचा असतो, म्हणजे डंप त्याहून बराच लहान निघेल, पण इंडेक्स बांधायला वेळ जातो. सुट्टीच्या दिवसात बसत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (बदल सतत नवीन मशीनवर पाठवत राहणं) लावा. १२ वरून नवीन आवृत्तीकडे ते चालतं आणि शेवटचा बंद काही मिनिटांवर येतो. दोन गोष्टी त्यातून जात नाहीत: सिक्वेन्सचे आकडे (आपोआप वाढणारे क्रमांक) आणि टेबलांच्या रचनेतले बदल. सिक्वेन्स हाताने पुढे ढकलले नाहीत तर पहिलंच इनव्हॉइस 'नंबर आधीच आहे' म्हणून अडकतं.

आता कार्ड. रेड हॅट ८ ने एसएएस२००८ चा आधार काढून टाकला. इन्स्टॉलर चालू होतो, पण डिस्क दिसतच नाही. अल्माने ९.४ पासून अशी बरीच जुनी कार्डं परत चालू केली, त्यांत मेगारेड आणि एमपीटी३ हे दोन्ही ड्रायव्हर आहेत. एलएसपीसीआय ला डबल एन लावून कार्डाचा आयडी काढा, अल्मा ९ च्या यूएसबीवरून बूट करा आणि डिस्क दिसतात का बघा. काही इन्स्टॉल करायची गरज नाही. त्याच वेळी सीपीयूच्या माहितीत एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट आहेत का तेही बघा, ९ ला ते लागतात.

माझं मत विचाराल तर या सर्व्हरवर इन-प्लेस (त्याच मशीनवर) अपग्रेड करूच नका. दुसरं मशीन उभं करा, जुनं तसंच ठेवा. काही चुकलं तर केबल परत लावली की झालं.

---

काटा_आणि_केबल

काट्याच्या पीसीबद्दल थोडक्यात.

प्रो लावून १८.०४ वरच राहू द्या. पुढे न्यायचंच असेल तर एका एलटीएसवरून (लांब सपोर्टच्या आवृत्तीवरून) पुढच्याच एलटीएसवर जाता येतं: १८.०४, २०.०४, २२.०४, २४.०४. दोन जागी अडेल.

एक, स्क्रिप्ट. २०.०४ पासून पायथन २ मुळात येत नाही. पायथन ३ मध्ये सिरियल पोर्टवरून बाइट्स येतात, मजकूर नाही. वजनाची ओळ डिकोड न करता तुकडे पाडायला गेलात की तिथेच पडते. काही इंडिकेटर सुरुवातीला एसटीएक्स हे न दिसणारं कॅरेक्टर पाठवतात, ते काढून मगच आकडा करा.

दोन, कन्व्हर्टर. स्वस्तातले बहुतेक सीएच३४० चिपचे असतात. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय हे पॅकेज ही चिप आपलीच समजून ताब्यात घेतं आणि पोर्ट जोडल्या जोडल्या गायब होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'जोडलं' आणि लगेच 'तुटलं' अशा दोन ओळी दिसल्या की हेच. पॅकेज काढून टाका, केबल काढून घाला. पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी० असं स्क्रिप्टमध्ये लिहू नका. लाइट गेली-आली की ० चा १ होतो. सिरियल फोल्डरमधला बाय-आयडीचा पत्ता वापरा. आणि स्क्रिप्ट चालवणारा युझर डायलआउट ग्रुपमध्ये हवा.

---

ताणाबाणा

फाइल सर्व्हरवरचं एक्सपी मशीन कुणी लक्षात घेतलं नाही, म्हणून लिहितो. एक्सपी फक्त एसएमबी १ (फाइल वाटपाचा जुना प्रोटोकॉल) बोलतं. सांबाने ४.११ पासून एसएमबी १ मुळातच बंद ठेवलंय. डेबियन १० मध्ये ४.९ आहे, ११ मध्ये ४.१३. म्हणजे पहिल्याच पायरीला डिझाइनच्या खोलीतून ओरड होणार की फोल्डर उघडत नाही ओ.

कॉन्फिगमध्ये सर्व्हर मिन प्रोटोकॉल 'एनटी१' केलं की चालू होतं, पण मग सगळ्याच फाइल सर्व्हरवर जुनं दार उघडं राहतं आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं त्याच डब्यात आहेत. त्यापेक्षा एक्सपीला वेगळं व्हीएलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) द्या, आणि फक्त डिझाइनच्या फोल्डरची प्रत ठेवणारा एक छोटा सांबा त्या व्हीएलॅनमध्ये उभा करा, एसएमबी १ तेवढ्यावरच. मुख्य सर्व्हरने तिकडे फाइल ढकलायची, तिकडून इकडे काही येता कामा नये. विंडोज ७ असेल तर यातलं काहीच लागत नाही, ते एसएमबी २ बोलतं.

डेबियन १० ते १२ दोन पायऱ्यांत: आधी ११, रीबूट, मग १२. एकदम उडी मारायची नाही. ११ ला सुरक्षेच्या रेपोचं नाव बदललं, 'बस्टर/अपडेट्स' चं 'बुल्सआय-सिक्युरिटी' झालं (बस्टर म्हणजे १०, बुल्सआय म्हणजे ११). नुसतं बस्टरच्या जागी बुल्सआय केलं तर ती ओळ ४०४ देते. १२ ला नॉन-फ्री-फर्मवेअर हा नवीन भाग जोडा, नाहीतर नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर मागे राहतं. आणि मुख्य रेपो आता आर्काइव्हमध्ये हलवलाय, सुरुवात तिथून.

सगळं टीमक्स किंवा स्क्रीनच्या (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनांच्या) आत चालवा, आणि यूपीएस पूर्ण भार घेऊन किती मिनिटं टिकतो ते आधी बघा. मे महिन्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. मध्येच बंद पडलंच तर सुरू झाल्यावर डीपीकेजी कॉन्फिगर-ए, मग एप्ट फिक्स-ब्रोकन, आणि मगच पुढचं.

१२ ला एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत आहे, तेही फुकट. 'चेक-सपोर्ट-स्टेटस' ही आज्ञा (डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट पॅकेजमधली) कुठल्या पॅकेजचा आधार मुदतीआधीच संपलाय ते सांगते. तिमाहीला एकदा चालवून बघत जा.

---

टॉवेल_ईआरपी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका राहिल्या. स्कॅन रिपोर्टमधल्या ओपनएसएसएचचं काय उत्तर द्यायचं? आणि नवीन सर्व्हर येईपर्यंतच्या काळासाठी सेंटॉसला सपोर्ट घ्यावा का?

---

रूट_सोलापूर

स्कॅनर फक्त बॅनरवरचा (जोडल्यावर सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीतला) आकडा वाचतो. स्थिर आवृत्तीत आकडा तोच ठेवून आत पॅच बसवतात, म्हणून ७.४ दिसलं म्हणजे दोष आहेच असं नाही. उलट उदाहरण घ्या: जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये 'रेग्रेशन'चा मोठा दोष आला, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे दोषाचा जाहीर क्रमांक). तो ८.५ ते ९.७ मध्ये होता. सेंटॉस ७ चं ७.४ आणि डेबियन १० चं ७.९ त्यात नव्हतंच. डेबियन १२ चं ९.२ होतं, आणि त्याला 'डेब१२यू३' या बांधणीत पॅच आला. तिथेही बॅनरवर ९.२ च राहिलं.

म्हणून रिपोर्टमधल्या प्रत्येक सीव्हीईसमोर तीनपैकी एक उत्तर लिहा: लागू नाही, पॅच झालाय (पॅकेजच्या पूर्ण बांधणी क्रमांकासह), किंवा उघडा आहे. पुरावा आरपीएमच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई नंबर शोधून मिळतो. डेबियनसाठी त्यांचा सिक्युरिटी ट्रॅकर आहे. पॅच बसला पण सर्व्हिस पुन्हा सुरू झाली नाही तर जुनीच लायब्ररी मेमरीत चालत राहते, तेव्हा सेंटॉसवर नीड्स-रीस्टार्टिंग आणि डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट चालवून मगच 'झालं' लिहा. पण ३० जून २०२४ नंतर निघालेल्या आणि सेंटॉस ७ ला लागू होणाऱ्या दोषांना 'पॅच झालाय' हे उत्तरच तुमच्याकडे नाही. तिथे खरं तेच लिहा आणि बदलाची तारीख द्या.

दुसरी शंका. नवीन सर्व्हर दोन-तीन महिन्यांत येणार असेल तर सपोर्ट घेऊ नका. तेवढ्या काळासाठी ईआरपीला बाहेर जाणारा मार्ग फक्त ई-इनव्हॉइसच्या पत्त्यापुरता ठेवा, व्हीपीएनवरून थेट एसएसएच बंद करा. सर्टिफिकेटच्या मूळ यादीवर मात्र लक्ष ठेवा. फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर अवलंबून होती त्या जुन्या रूट सर्टिफिकेटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ ची कितीतरी मशीन बाहेरच्या सेवांशी बोलायची थांबली. सेंटॉस ७ वर तेव्हा सीए-सर्टिफिकेट्सचा अपडेट आला, आता तसं घडलं तर तो येणार नाही.

ईआरपीवाला विक्रेता नवीन आवृत्तीवर चालवून द्यायला वर्ष मागत असेल तर मात्र एका मशीनपुरता सपोर्ट जरूर घ्या. करार करण्याआधी पॅकेजची यादी लेखी मागा आणि आपल्या यादीशी ताडा.

---

होटगी_रोड_हिशेब

पैशांच्या बाजूने दोन ओळी. रेड हॅट आणि उबुंटू भारतातल्या रीसेलरकडून रुपयांत, जीएसटी बिलासह घ्या. परदेशातून थेट युरो-डॉलरमध्ये घेतलं तर ती सेवेची आयात होते: रिव्हर्स चार्जने १८ टक्के आयजीएसटी स्वतः भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं. टीडीएस लागतो का हे सीएंना पैसे पाठवण्याआधी विचारा, कारण नंतर समोरची कंपनी तो कापून घेऊ देत नाही. बँकही कागद मागते, त्याचा वेळ धरा.

आणि बायरच्या प्रश्नावलीत लॉगचा रकाना असतोच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सेंटॉस ७ चं लॉगरोटेट (जुने लॉग फिरवून पुसणारं साधन) मुळात आठवड्याला एक आणि ४ प्रती ठेवतं, म्हणजे महिन्याभराचंच. ४ चे २७ करा आणि '/var' विभाजनात (लॉग जिथे साठतात तिथे) तेवढी जागा आहे का बघा. नवीन अल्मावरही हाच आकडा बदलावा लागेल.